एका बाळामागे ५.३ डॉलर: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये खर्चाचा पुरावा कसा वापरायचा

१९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, नवजात बाळांच्या घरगुती काळजीविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन काम केलं, तुलनेला ४७ गावं होती. पेपरच्या सारांशात शेवटी-शेवटी खर्चाची नोंद येते: एका नवजातामागे ५.३ अमेरिकी डॉलर, आणि १९९६–९७ मध्ये काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

आता समजा, तुम्ही ‘घरभेटींतून नवजातांची काळजी’ या विषयावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करता आहात, म्हणजे त्यावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडता आहात. ५.३ गुणिले १८ म्हणजे ९५.४ डॉलर, म्हणून ‘एक मृत्यू टाळायला सुमारे ९५ डॉलर’ असं लिहून पुढे जाता येतं. गुणाकार बरोबर आहे. पण ते डॉलर कोणत्या साली कोणी खर्च केले, टळलेल्या मृत्यूत काय काय मोजलं, आणि आजच्या नागपूर किंवा नंदुरबारला त्यातलं काय लागू पडतं, हे सोबत नसेल तर त्या आकड्याचा निर्णयाला उपयोग नाही. खाली हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. व्यसनमुक्ती, वृद्धांची घरपोच सेवा, पालकांसाठीचे वर्ग अशा सामाजिक विषयांनाही पद्धत हीच.

आधी खोली ठरवा

असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन (आरोग्य) आणि कॅम्पबेल (सामाजिक विषय) या दोन्ही संस्थांचा मिळून इकॉनॉमिक्स मेथड्स ग्रुप आहे. त्यांच्या मार्गदर्शनात दोन वाटा आहेत. छोटी वाट म्हणजे ‘ब्रीफ इकॉनॉमिक कॉमेंटरी’. परिणामकारकतेचा रिव्ह्यू नेहमीसारखाच करायचा. प्रस्तावनेत त्या आजाराचा किंवा प्रश्नाचा आर्थिक भार थोडक्यात सांगायचा आणि चर्चेत हाती लागलेले आर्थिक अभ्यास काय म्हणतात ते एखाद्या परिच्छेदात मांडायचं. मोठ्या वाटेत आर्थिक प्रश्न रिव्ह्यूच्या उद्दिष्टांतच असतो. त्याचा शोध वेगळा, निवडीचे निकष वेगळे, दर्जाची तपासणी वेगळी आणि निष्कर्षही वेगळा.

छोट्या वाटेत आर्थिक अभ्यासांचा दर्जा तपासलेला नसतो. म्हणून त्यातून ‘हा उपाय किफायतशीर आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि आपण दर्जा तपासलेला नाही हे कॉमेंटरीतच स्पष्ट लिहावं लागतं. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक इथलीच: काम कॉमेंटरीइतकं, आणि सारांशात वाक्य मोठ्या रिव्ह्यूचं.

मोठी वाट केव्हा घ्यावी? जेव्हा निर्णय खर्चावरच अडलेला असतो तेव्हा. दोन उपायांचा परिणाम जवळपास सारखा आहे पण एकाला दुप्पट माणसं लागतात. किंवा रुग्णालयाचा खर्च कमी होतो पण तो घरच्या बाईच्या वेळेवर येऊन पडतो. उपायाचा परिणामच अजून धूसर असेल, तर मोठ्या वाटेवर महिने घालवण्यात अर्थ नाही. आर्थिक मूल्यमापन स्वतः केलेला किंवा निदान अशा पेपरांचा चांगला सराव असलेला एक जण टीममध्ये नसेल, तरीही छोटीच वाट धरा.

हे सगळं प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यूचा आराखडा, लिहिताना ठरतं, प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदवहीत नोंदणी करण्याआधी. परिणामांचे आकडे पाहून झाल्यावर ‘आता खर्चही बघू’ असं सुरू केलेलं काम जवळजवळ नेहमीच सोयीच्या अभ्यासांकडे झुकतं.

प्रश्न आणि निकष

लोकसंख्या, उपाय, तुलना, परिणाम ही चौकट ओळखीची आहे. तिच्यात तीन गोष्टींची भर घाला: खर्च कोणाच्या बाजूने मोजायचा, किती काळाचा, आणि कोणत्या प्रकारचे अभ्यास घ्यायचे.

दोन किंवा अधिक पर्यायांचा खर्च आणि परिणाम दोन्ही मोजून तुलना केली, तर ते पूर्ण आर्थिक मूल्यमापन. परिणाम नैसर्गिक एककात असेल, जसं टळलेले मृत्यू, तर कॉस्ट-इफेक्टिव्हनेस. क्वालीसारख्या (आयुष्याची वर्षं त्यांच्या दर्जाने तोलणाऱ्या) एककात असेल तर कॉस्ट-युटिलिटी. परिणामाचेही पैसे केले असतील तर कॉस्ट-बेनिफिट, जो सामाजिक कार्यक्रमांत जास्त दिसतो. नुसता खर्च मोजलेला किंवा तुलना नसलेला अभ्यास अपूर्ण मूल्यमापनात जातो.

पेपरने स्वतःला दिलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. शीर्षकात ‘कॉस्ट-बेनिफिट’ आणि आत नुसती खर्चाची यादी, असं सर्रास सापडतं. आतला मजकूर वाचून वर्गवारी तुम्ही करायची.

निकष फार आवळले तर कामाचं साहित्य बाहेर राहतं. ‘फक्त पूर्ण आर्थिक मूल्यमापनं’ असं लिहिलंत तर गडचिरोलीची नोंदही सुटेल, कारण तो पेपर मुळात परिणामकारकतेचा आहे आणि खर्च त्यात ओघाने आला आहे. म्हणून निकषांत ‘समाविष्ट चाचण्यांत नोंदवलेला खर्च किंवा साधनांचा वापर’ हेही घाला. मॉडेलवर, म्हणजे गणिती अंदाजांवर, आधारलेले अभ्यास घेणार की नाही, तेही इथेच लिहा. घेणार नसाल तर आयुष्यभराच्या परिणामांची उत्तरं मिळणार नाहीत, कारण चाचण्या तेवढ्या लांब चालत नाहीत.

शोध

पूर्वी हे काम सोपं होतं. यॉर्क विद्यापीठाच्या केंद्राचा एनएचएस ईईडी हा डेटाबेस आर्थिक मूल्यमापनं शोधून, त्यांवर टिपण लिहून तयार ठेवायचा. त्याचा शोध २०१४च्या अखेरीस थांबला. म्हणजे २०१५ पासूनचे अभ्यास त्यात मिळणार नाहीत, तरी जुन्या प्रोटोकॉलची नक्कल करताना त्याचं नाव अजूनही उतरवलं जातं आणि तेवढ्यावर शोध ‘पूर्ण’ समजला जातो.

आता मेडलाइन आणि एम्बेस हे वैद्यकीय डेटाबेस पाया. त्यावर अर्थशास्त्राचा इकॉनलिट, टफ्ट्सची किफायतीच्या अभ्यासांची सीईए रजिस्ट्री, आणि आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाच्या अहवालांसाठी इनाटाचा डेटाबेस. कमी उत्पन्नाच्या देशांतला विषय असेल तर टफ्ट्सचीच डॅली-आधारित ग्लोबल हेल्थ रजिस्ट्री पाहा (डॅली म्हणजे आजार आणि अकाली मृत्यूमुळे गमावलेली निरोगी वर्षं). भारताचा संदर्भ असेल तर एचटीएआयएन या सरकारी आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणेचे अहवाल वेगळे शोधा, कारण त्यांतले सगळेच जर्नलमध्ये येत नाहीत.

परिणामकारकतेच्या शोधाला यादृच्छिक चाचण्यांची गाळणी (सर्च फिल्टर) लावलेली असते. त्याच निकालांत आर्थिक अभ्यास शोधू नका. मॉडेलं आणि खर्चाचे अभ्यास त्या गाळणीत अडकून राहिलेले असतात. लोकसंख्या आणि उपायाचे शब्द तेच ठेवून चाचण्यांच्या गाळणीऐवजी आर्थिक गाळणी लावा: खर्च, किंमत, बजेट, इकॉनॉमिक, क्वाली, डॅली अशा अर्थांचे शब्द शीर्षक-सारांशात आणि विषयशीर्षकांतही. ‘कॉस्ट’ शब्दाने फार कचरा येतो. ‘एनर्जी कॉस्ट’, ‘ऑक्सिजन कॉस्ट’, ‘मेटाबॉलिक कॉस्ट’ हे शरीरक्रियाशास्त्रातले शब्दप्रयोग आहेत. ते वगळण्याच्या ओळी तयार गाळण्यांत असतात, त्या काढून टाकू नका.

समाविष्ट झालेल्या प्रत्येक चाचणीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि प्रमुख लेखक घेऊन एक वेगळा शोधही करा. चाचणीचा खर्चाचा पेपर अनेकदा दोन-चार वर्षांनी दुसऱ्याच जर्नलमध्ये येतो. बांगलादेशात सिल्हेटमधल्या प्रोजाह्नमो चाचणीचे परिणाम २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, किफायतीचं विश्लेषण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये.

तक्त्यात काय भरायचं

दोघांनी स्वतंत्रपणे भरायचं, मग जुळवायचं, हे इथेही लागू. प्रत्येक अभ्यासासाठी देश, चलन, किमतींचं वर्ष, कालावधी, डिस्काउंट रेट (भविष्यातला खर्च-परिणाम कमी मोजण्याचा दर), तुलनेतला पर्याय, खर्चाची प्रत्येक बाब, परिणामाचं एकक, अनिश्चितता कशी तपासली आणि पैसा कोणी पुरवला, हे रकाने लागतातच.

किमतींचं वर्ष हा रकाना सगळ्यांत जास्त रिकामा राहतो. पेपर प्रसिद्ध झाला ते वर्ष तिथे लिहू नका. आधी माहिती गोळा केल्याचा काळ शोधा. तोही नसेल तर प्रसिद्धीच्या वर्षातून दोन वर्षं वजा करण्यासारखा एक नियम प्रोटोकॉलमध्ये ठरवून ठेवा आणि जिथे तो वापरला तिथे खूण करा.

खर्च कोणाच्या खिशातून, हा पुढचा रकाना. सरकारी यंत्रणेच्या बाजूने पाहिलं तर आशा कार्यकर्तीचं मानधन हा खर्च. २०११ पासून देशभर राबवलेल्या घरगुती नवजात काळजीच्या कार्यक्रमात ठरलेल्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे २५० रुपये ठरले होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ६ भेटी, घरी झालं तर ७. समाजाच्या बाजूने पाहिलं तर मोजायचा तो तिचा वेळ. त्या ६ भेटी, जाणं-येणं आणि नोंदी यांत तिची शेतमजुरी किती बुडाली, हा प्रश्न येतो, आणि २५० रुपये हे त्याचं उत्तर असेलच असं नाही. एका अभ्यासाने मानधन धरलं, दुसऱ्याने वेळेची मजुरी धरली, तर दोन्हींचा ‘मनुष्यबळ खर्च’ एका ओळीत लिहिणं चूक. सामाजिक उपायांत तर घरच्यांचा बिनपगारी वेळ हीच मोठी बाब असते आणि तीच बहुधा मोजलेली नसते.

प्रशिक्षण, देखरेख आणि सुरुवातीची सामग्री धरली आहे का, हे बाबनिहाय तपासा. धरली असेल तर किती वर्षांवर वाटून? आरोग्यदूताचं प्रशिक्षण एकाच वर्षाच्या बाळांवर टाकलं तर दर बाळाचा खर्च फुगतो; पाच वर्षांवर पसरलं तर उतरतो. आणि संशोधनाचा खर्च, म्हणजे सर्वेक्षक, माहिती भरणारे, मृत्यूंची कारणमीमांसा, हा सेवेच्या खर्चात मिसळला असेल तर तो वेगळा काढायला हवा. कार्यक्रम राबवताना तो होणार नाही.

शक्य तिथे पैशांआधी प्रमाण उतरवा: किती भेटी, किती तास, किती दिवस भरती, किती इंजेक्शनं. प्रमाण दुसऱ्या राज्यात नेऊन तिथल्या दराने गुणता येतं. नुसती रक्कम असेल तर ते जमत नाही.

सरासरी आणि मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) यांत इथे हमखास घोटाळा होतो. समजा दहा बाळं भरती झाली. नऊ बाळं दोन-दोन दिवस राहिली आणि एक बाळ ४२ दिवस. मध्यक २ दिवस, सरासरी ६ दिवस, एकूण ६० खाटा-दिवस. बजेट करणाऱ्याला ६० हवेत, आणि ते सरासरी गुणिले बाळं यातूनच मिळतात. मध्यकाने २० येतात, म्हणजे तिपटीची चूक. खर्चाचा फैलाव नेहमी असाच एका बाजूला लांबलेला असतो. लेखकांनी संख्याशास्त्राच्या सोयीसाठी फक्त मध्यक दिला असेल तर सरासरी मागवण्यासाठी त्यांना ईमेल करा.

किमती एका पातळीवर आणणं

हा टप्पा यांत्रिक वाटतो आणि सगळ्यांत जास्त रिव्ह्यू इथेच घसरतात. इकॉनॉमिक्स मेथड्स ग्रुप आणि ईपीपीआय-सेंटर हे संशोधन केंद्र यांचा मोफत कॉस्ट कन्व्हर्टर आहे. तो दोन पायऱ्यांत चालतो: आधी मूळ देशाच्या चलनात, त्या देशाच्या जीडीपी डिफ्लेटरने (अर्थव्यवस्थेतल्या एकूण किमतींच्या निर्देशांकाने), रक्कम जुन्या वर्षातून नव्या वर्षात आणायची, मग क्रयशक्ती-समानतेच्या दराने, म्हणजे पीपीपीने, दुसऱ्या चलनात बदलायची. हा क्रम उलटा करायचा नाही.

गडचिरोलीचा आकडा डॉलरमध्ये छापला आहे, पण खर्च रुपयांत झाला होता. म्हणून सगळ्यांत आधी तो रुपयांत परत न्यायचा. १९९६–९७ मध्ये डॉलर सुमारे ३५ रुपयांना होता, म्हणजे ५.३ डॉलर हे साधारण १८५ रुपये. आता हिशेबापुरतं धरू की तेव्हापासून २०२३ पर्यंत भारताचा डिफ्लेटर पाच पट झाला: १८५ चे ९२५ रुपये. आणि पीपीपी दर २० रुपयांना एक आंतरराष्ट्रीय डॉलर असा धरू: सुमारे ४६. हे पाच पट आणि २० हे आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. खरे आकडे कन्व्हर्टरमधून त्या-त्या वर्षाचे घ्या.

त्याच ९२५ रुपयांना बाजारातल्या ८३च्या दराने भागलं तर ११ डॉलर येतात. ४६ आणि ११, दोन्ही ‘२०२३चे डॉलर’, अर्थ मात्र वेगळा. पहिला सांगतो की अमेरिकेत ४६ डॉलरना जेवढी साधनं येतात तेवढी इथे खर्ची पडली. दुसरा सांगतो की परदेशी देणगीदाराला ११ डॉलरचा चेक लिहावा लागेल. तक्त्यात एक अभ्यास पीपीपीने आणि शेजारचा बाजारदराने असेल तर चौपट फरक नुसता पद्धतीचा असतो आणि वाचणारा त्याचं कारण उपायात शोधत बसतो.

आडवाट अशी: ५.३ डॉलरना थेट अमेरिकेची महागाई लावायची. तिथे त्या काळात किमती जवळपास दुप्पट झाल्या, म्हणजे साधारण १० डॉलर. हे उत्तर बाजारदराच्या ११च्या इतकं जवळ आहे की चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण गडचिरोलीतल्या मजुरीचा ओहायोतल्या महागाईशी काही संबंध नाही. इथे आकडे जुळले हा योगायोग. ज्या देशाचं चलन एकदम कोसळलं किंवा महागाई भडकली तिथे हीच आडवाट भलतंच उत्तर देते.

पीपीपीलाही मर्यादा आहे. पगार, भाडं, प्रवास या स्थानिक गोष्टींना ती शोभते. आयात केलेली लस किंवा यंत्र सगळीकडे जवळपास जागतिक बाजारभावानेच येतं, त्याला बाजारदरच लावायचा. म्हणून वर बाबनिहाय खर्च उतरवायला सांगितलं. बाबनिहाय खर्च नसेल तर एकच पद्धत लावा आणि तसं लिहा.

डिस्काउंटिंग

भविष्यातला खर्च आणि परिणाम आजच्या तुलनेत कमी मोजतात. भारतात एचटीएआयएनच्या मार्गदर्शनात दोन्हींसाठी ३ टक्के, इंग्लंडमध्ये नाइस या सरकारी मूल्यमापन संस्थेच्या संदर्भ पद्धतीत ३.५ टक्के. नवजातांच्या विषयात याचा परिणाम प्रचंड असतो, कारण टळलेल्या एका मृत्यूमागे अख्खं आयुष्य उभं असतं. ७० वर्षांचं आयुष्य ३ टक्क्यांनी डिस्काउंट केलं की सुमारे २९ वर्षं उरतात, ५ टक्क्यांनी १९. म्हणजे तेच ९५.४ डॉलर डिस्काउंट न करता एका आयुष्य-वर्षामागे १.४ डॉलर दिसतात, ३ टक्क्यांनी ३.३, ५ टक्क्यांनी ४.९. दोन अभ्यासांतला तिप्पट फरक नुसत्या या एका निवडीतून येऊ शकतो. मूळ मृत्यूंची संख्या दिलेली असेल तर एकच दर लावून स्वतः पुन्हा मोजा. नसेल तर वेगवेगळ्या दरांचे अभ्यास शेजारी ठेवू नका.

दर्जा तपासणं

दोन थर आहेत. खालचा थर परिणामाचा: ज्या चाचणीतून परिणाम घेतला तिच्यातला पूर्वग्रह. तो तुम्ही मुख्य रिव्ह्यूत रिस्क ऑफ बायसच्या साधनांनी तपासलेला असतोच. तोच निर्णय इथे जोडायचा. वरचा थर खर्चाचा. चाचणीबरोबर केलेल्या मूल्यमापनाला ‘चेक’ (CHEC) नावाची १९ प्रश्नांची यादी किंवा ड्रमंडची यादी, मॉडेलला फिलिप्सची यादी. चीअर्स २०२२ या यादीत २८ मुद्दे आहेत, पण ती पेपर कसा लिहावा याची यादी आहे. सगळे मुद्दे नीट नोंदवूनही मॉडेल चुकीचं असू शकतं. तिचा वापर गुण देण्यासाठी करणं ही रूढ झालेली चूक आहे.

गुणांची बेरीजही करू नका. १९ पैकी १७ मिळालेला अभ्यास, ज्याचे बुडालेले दोन मुद्दे म्हणजे ‘चुकीचा तुलनेचा पर्याय’ आणि ‘महत्त्वाचा खर्च वगळला’, तो निकामी आहे.

मॉडेलांबाबत एक गोष्ट जवळजवळ कोणीच तपासत नाही. मॉडेलला परिणामाचा आकडा कुठून मिळाला? बहुधा तुमच्याच रिव्ह्यूत असलेल्या एखाद्या चाचणीतून. पाच देशांसाठीची पाच मॉडेलं एकाच चाचणीवर उभी असतील तर ते पाच पुरावे नव्हेत, एका पुराव्याच्या पाच सावल्या आहेत. शिवाय मॉडेलने धरलेला परिणाम तुमच्या मेटा-अ‍ॅनालिसिसशी, म्हणजे चाचण्यांचे आकडे संख्याशास्त्राने एकत्र करून आलेल्या परिणामाशी, ताडून पाहा. मॉडेलने मृत्यूंत ६० टक्के घट धरली आणि तुमच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ३० टक्के आली, तर बाकी सगळं तसंच ठेवून मॉडेलचा ‘दर मृत्यूमागचा खर्च’ साधारण दुप्पट समजावा लागेल. हा हिशेब मुख्य मजकुरात द्या.

एकत्र मांडणी

खर्च-परिणाम गुणोत्तरांची, म्हणजे आयसीईआरची, मेटा-अ‍ॅनालिसिस करू नका. एका अभ्यासात १००० रुपये जास्त खर्चून १० मृत्यू टळले: दर मृत्यूमागे १००. दुसऱ्यात १००० रुपयांत एकच टळला: १०००. गुणोत्तरांची सरासरी ५५०. प्रत्यक्षात २००० रुपयांत ११ मृत्यू टळले, म्हणजे १८२. उणे गुणोत्तर तर आणखी फसवं. ५०० रुपये वाचले आणि एक मृत्यू अधिक टळला, तरी उणे ५००. ५०० रुपये जास्त गेले आणि एक मृत्यू अधिक झाला, तरीही उणे ५००. पहिला उपाय लगेच स्वीकारावा, दुसरा टाकून द्यावा, आणि आकडा दोन्हींचा सारखाच. म्हणून गुणोत्तराबरोबर खर्चातला फरक आणि परिणामातला फरक वेगवेगळे लिहिलेच पाहिजेत.

साधनांचं प्रमाण, उदाहरणार्थ भरतीचे दिवस, सारख्या आरोग्यव्यवस्थांतल्या चाचण्यांत मोजलेलं असेल तर ते एकत्र करायला हरकत नाही. खर्चाची रक्कम एकत्र करण्याआधी दहादा विचार करा.

बाकी मांडणी तक्त्याने आणि नऊ घरांच्या चौकटीने होते. आडव्या ओळींत खर्च कमी, सारखा, जास्त. उभ्या रकान्यांत परिणाम कमी, सारखा, जास्त. प्रत्येक अभ्यास आपापल्या घरात ठेवायचा. ‘खर्च कमी, परिणाम जास्त’ या घरात निर्णय सोपा, समोरच्या कोपऱ्यातही सोपा. खरं काम ‘खर्च जास्त, परिणामही जास्त’ या घरात असतं आणि बहुतेक अभ्यास तिथेच पडतात. पण घरातली नुसती डोकी मोजून निकाल देऊ नका. प्रत्येक अभ्यासात निकाल कशाने उलटतो ते संवेदनशीलता विश्लेषणातून, म्हणजे गृहीतकं बदलून केलेल्या हिशेबातून, काढून शेजारी लिहा: मूळ मृत्युदर, कव्हरेज, मनुष्यबळाचा दर. चार-पाच अभ्यासांत तोच घटक पुन्हा पुन्हा आला तर रिव्ह्यूचा सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष तो आहे, सरासरी आकडा नव्हे.

दुसऱ्या जागी नेताना

आता त्या १८ कडे परत येऊ. मूळ नोंदीत तो टळलेला मृत्यू उपजत (बाळ मृतच जन्मणं) किंवा नवजात, दोन्हींपैकी कोणताही आहे. दुसऱ्या अभ्यासाने फक्त नवजात मृत्यू मोजले असतील तर तुलना जमत नाही. शिवाय १८ हा १९९६–९७ या वर्षाचा आहे, तर ६२.२ टक्क्यांची निव्वळ घट हस्तक्षेपाच्या तिसऱ्या वर्षाची, जेव्हा ९३ टक्के बाळांपर्यंत काळजी पोचली होती. एका वर्षाचा भागाकार आणि दुसऱ्या वर्षाची टक्केवारी एका वाक्यात गुंफू नका.

मूळ मृत्युदराने काय होतं ते पाहा. सुरुवातीला तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते. ६२ टक्के घट म्हणजे हजारी सुमारे ३८ मृत्यू टळले, अर्थात दर २६ बाळांमागे एक. ५.३ डॉलरनेच गुणलं तर एका नवजात मृत्यूमागे १३८ डॉलर. भारताचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये एसआरएस या सरकारी नमुना नोंदणीनुसार हजारी २० होता. तेवढीच सापेक्ष घट धरली तरी हजारी १२.४ मृत्यू टळतात, दर ८० बाळांमागे सुमारे एक, आणि खर्च ४२४ डॉलर. उपाय तोच, दर बाळाचा खर्च तोच, तरी आकडा तिप्पट. त्यात आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणजे तुलनेतला पर्यायही बदलला आहे, आणि तेवढीच सापेक्ष घट मिळेल हे गृहीतकही डळमळीत आहे.

म्हणून रिव्ह्यूत तयार गुणोत्तराऐवजी वाचकाला स्वतःचा आकडा काढता येईल असं द्या: दर बाळामागची साधनं प्रमाणात, सापेक्ष परिणाम, आणि दोन-तीन मूळ मृत्युदरांवरचा हिशेब. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या जिल्ह्याचा दर माहीत असतो.

‘किफायतशीर’ हा शब्द उंबरठ्याशिवाय, म्हणजे किती खर्चापर्यंत परवडतं त्या मर्यादेशिवाय, लिहू नका. जुन्या पेपरांत दरडोई जीडीपीच्या एक ते तीन पट हा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने चालणारा निकष दिसेल. त्या संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१६ मध्ये तो निर्णयासाठी असा सरसकट वापरू नये असं लिहिलं आहे. तीन पटीत जवळजवळ सगळंच बसतं. भारतात एचटीएआयएन साधारण एक पटीशी तुलना करतं. कोणता उंबरठा, कोणत्या वर्षाचा, हे त्याच वाक्यात यायला हवं.

निष्कर्षाची भाषा

पुराव्याची खात्री जोखणाऱ्या ग्रेड पद्धतीने साधनांच्या वापराचीही विश्वासार्हता ठरवता येते. इथे गुण बहुतेकदा ‘अप्रत्यक्षता’ या सदरात कापले जातात: दुसरा देश, दुसरं दशक, दुसरी व्यवस्था. सारांश तक्त्यात साधनांच्या दोन-तीन महत्त्वाच्या ओळी परिणामांच्या खाली त्याच तक्त्यात ठेवा. वेगळ्या परिशिष्टात टाकलेला खर्च कोणी वाचत नाही.

कॉमेंटरीसाठी असं वाक्य चालतं: ‘घरभेटींच्या खर्चाची माहिती देणारे अमुक इतके अभ्यास सापडले, सर्व दक्षिण आशियातले. आम्ही त्यांचा दर्जा तपासलेला नाही, म्हणून किफायतशीरपणाबद्दल निष्कर्ष काढत नाही. अभ्यासांच्या लेखकांच्या मते…’ आणि मग लेखकांचा निष्कर्ष, त्यांच्या किमतींच्या वर्षासह.

एकही आर्थिक अभ्यास सापडला नाही, असंही होतं. मग शोध कुठे, कोणत्या तारखेपर्यंत केला ते लिहून ‘आर्थिक मूल्यमापन सापडलं नाही’ एवढंच लिहा. सारांश आखडताना याचंच ‘किफायतशीरपणाचा पुरावा नाही’ होतं, आणि मंत्रालयातल्या टिपणात ‘किफायतशीर नाही’. छपाईआधी प्रूफ वाचताना हे एक वाक्य पुन्हा तपासा.